घरच्या घरी दोरीच्या उड्या: दोरी निवडण्यापासून पहिल्या सहा आठवड्यांपर्यंत

दोरीच्या उड्या मी दोनदा सुरू केल्या. पहिल्या खेपेला शंभर उड्यांपासून सुरुवात करून आठवडाभरात पाचशेवर गेले. दम टिकत होता, अंग हलकं वाटत होतं, थांबायचं कारणच दिसत नव्हतं. दहाव्या-अकराव्या दिवशी नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागला आणि जिना उतरताना पाय टेकवेना. पुढे पाच आठवडे दोरी कपाटात पडून होती.

दुसऱ्या खेपेला मी एकच गोष्ट बदलली. आज किती उड्या मारायच्या हे दमाला विचारणं सोडलं आणि पायांना विचारू लागले. हृदय आणि फुप्फुसं या व्यायामाला दोन-तीन आठवड्यांत सरावतात. पोटरीच्या स्नायूंना थोडा जास्त वेळ लागतो. टाचेमागचा जाड स्नायुबंध, तळपायाची पट्टी आणि नडगीचं हाड यांना मात्र महिने लागतात, आणि ते शेवटपर्यंत काही बोलत नाहीत. बोलतात तेव्हा उशीर झालेला असतो. हा सगळा लेख त्या एका गोष्टीभोवती आहे. दोरी, जमीन, बूट, वेळापत्रक, सगळं पायांना वेळ मिळावा म्हणूनच निवडायचं.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावं

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, गुडघ्याची किंवा घोट्याची जुनी दुखापत, मणक्याच्या चकतीचा त्रास, हाडांचा ठिसूळपणा, मधुमेहामुळे पायांची कमी झालेली संवेदना यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणातही तसंच. वजन बरंच जास्त असेल तर पहिले दोन-तीन महिने भरभर चालणं आणि टाचा उचलण्याचा व्यायाम करून मग दोरीकडे या.

बाळंतपणानंतर लगेच उड्या सुरू करू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात आणि उडी मारताना लघवीचे थेंब गळू शकतात. हे अनेकींना होतं, पण याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. असं होत असेल तर त्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. यावर उपाय असतो.

काय काय लागेल

- लांबी कमी-जास्त करता येणारी दोरी
- पुढच्या भागात गादी असलेले, नीट बसणारे बूट
- दाट रबराची मॅट, ६ ते ८ मिलिमीटर जाडीची (जमीन लाकडी असेल तर नसली तरी चालेल)
- सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा मोबाइलमधला टायमर
- स्त्रियांसाठी घट्ट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा
- एक वही

उड्या मोजणाऱ्या डिजिटल मुठी यात नाहीत. सुरुवातीला आकडा समोर दिसला की माणूस आकड्याच्या मागे लागतो. माझ्या नडगीचं दुखणं तिथूनच सुरू झालं होतं.

१. दोरी कोणती घ्यावी

नवशिक्याला दोरी फिरताना हातात जाणवली पाहिजे. ती आत्ता डोक्यावर आहे की पायाशी, हे न बघता मनगटाला कळलं की उडीची वेळ आपोआप जमते. त्यासाठी दोरीला थोडं वजन हवं. म्हणून सुरुवातीला दोनच प्रकारांतून निवडा.

पहिला प्रकार पीव्हीसीचा, म्हणजे साध्या प्लास्टिकच्या नळीसारखी दिसणारी दोरी. साधारण ५ मिलिमीटर जाडीची घ्या. फार बारीक असेल तर ती हवेत तरंगल्यासारखी फिरते.

दुसरा प्रकार मण्यांचा. आतून सुती किंवा नायलॉनचा दोर आणि त्यावर ओवलेले प्लास्टिकचे छोटे तुकडे. ही दोरी गोल आकार छान धरते, पीळ पडत नाही, आणि जमिनीला टेकताना टक् असा आवाज येतो. त्या आवाजावर ताल पकडणं फार सोपं जातं. दोष एवढाच की खाली कोणी राहत असेल तर त्यांनाही तो टक् ऐकू जातो. मी मण्यांच्या दोरीवर शिकले आणि मला विचाराल तर पहिली दोरी हीच घ्या.

पोलादी तारेची, वरून प्लास्टिकचं आवरण असलेली दोरी सगळ्यात वेगवान. एका उडीत दोनदा दोरी काढणाऱ्यांसाठी ती उत्तम आहे. नवशिक्याने तिच्यापासून लांब राहावं. ती इतक्या झटकन फिरते की चुकीला वाव मिळत नाही, आणि उघड्या पोटरीवर बसली की वळ उठतो. खोलीत लहान मूल असेल तर ती वापरूच नका.

सुती दोरी हलकी असते आणि मध्येच मरगळते. लहान मुलांना खेळायला ती छान, व्यायामाला कमी पडते.

वजनदार दोऱ्यांबद्दल एक सापळा सांगते. काही दोऱ्यांचं वजन मुठींमध्ये भरलेलं असतं. त्याने दोरीचा अंदाज येत नाही, फक्त मनगटं दमतात. वजन दोरीतच हवं, आणि नवख्याला ११०-१२० ग्रॅमची दोरी पुरते. अर्ध्या किलोच्या आसपासची दोरी खांद्यांचा व्यायाम म्हणून वेगळी आहे, ती नंतर बघता येईल.

मुठीत बेअरिंग असलंच पाहिजे असं नाही. दोरी मुठीत न अडखळता फिरली आणि तिथे पीळ साचला नाही की झालं. मूठ मात्र जरा लांबट घ्या, १३-१५ सेंटिमीटरची. घामाने निसटणारी गुळगुळीत मूठ नको.

छत फार खाली असेल तर दोरी नसलेल्या, टोकाला छोटे गोळे लावलेल्या मुठी मिळतात. दमाचा व्यायाम त्याने होतो. पण दोरी ओलांडायची वेळ त्याने शिकता येत नाही, कारण चुकलं तर अडकायला काही नसतंच.

२. लांबी मापा

एक पाय दोरीच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि दोन्ही मुठी अंगाला लागून सरळ वर ताणा. मुठींची टोकं काखेपर्यंत आली की नवख्यासाठी लांबी योग्य. हात बसल्यावर, महिन्या-दोन महिन्यांनी, टोकं छातीच्या मध्यापर्यंत येतील इतकी ती कमी करा.

विकत घेतानाचा ढोबळ हिशेब असा: उंचीत ९० सेंटिमीटर मिळवा. उंची १६० सेंटिमीटर असेल तर मुठींसकट अडीच मीटर. मात्र खोक्यावरचा आकडा कधी मुठींसकट दिलेला असतो, कधी नुसत्या दोरीचा. म्हणून थोडी लांबच घ्या. लांब दोरी आखूड करता येते, आखूड दोरीचं काही करता येत नाही.

कात्री लगेच हातात घेऊ नका. पीव्हीसीच्या दोरीला मुठीजवळ तात्पुरती गाठ मारून दोन आठवडे उड्या मारा आणि लांबी पटली की मग कापा. तारेच्या दोरीला गाठ कधीच मारू नका, तार मोडते. तिच्या मुठीजवळ स्क्रू असतो, तो सैल करून लांबी बदलायची.

खोक्यातून काढलेल्या पीव्हीसीच्या दोरीला वेटोळ्यांच्या वळ्या पडलेल्या असतात. ती काही मिनिटं गरम पाण्यात ठेवा, मग ओढून सरळ करा आणि रात्रभर टांगून ठेवा. हे न करता उड्या मारायला गेलात तर दोरी वेडीवाकडी फिरेल आणि आपल्यालाच जमत नाही असं वाटत राहील.

३. जागा आणि जमीन

हात सरळ वर करून एक छोटी उडी मारा. बोटं छताला, दिव्याला किंवा पंख्याला लागता कामा नयेत. नंतर मुठी कमरेजवळ धरून दोरी सावकाश पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना फिरवून बघा. कुठेही काही लागलं तर जागा बदला. चालू पंख्याखाली उड्या नकोतच.

जमिनीबद्दल मी हट्टी आहे. पाय आणि जमीन यांच्यामध्ये थोडी लवचीकता हवीच. लाकडी जमीन सगळ्यात चांगली. फरशी असेल तर वर दाट रबराची मॅट घाला. नुसतं काँक्रीट सगळ्यात वाईट, कारण प्रत्येक उडीचा धक्का परत पायातच येतो. पण फार मऊ गादीही नको. तिच्यात घोटा डुगडुगतो आणि पोटरीला दुप्पट काम पडतं. जाड गालिच्यात दोरी अडकते आणि पाय मुरगळायची भीती असते. योगासनांची मॅट या कामाची नाही. ती सरकते आणि महिनाभरात फाटते.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर सकाळी फार लवकर किंवा रात्री उशिरा उड्या मारू नका. मॅटखाली आणखी एक पातळ रबरी थर घातला तर आवाज बराच कमी होतो.

४. बूट

उडीचं सगळं वजन चवड्यावर येतं, त्यामुळे गादी बुटाच्या पुढच्या भागात हवी. व्यायामशाळेत वापरतात तसे सपाट तळाचे बूट उत्तम. धावण्याच्या बुटांची टाच कधी कधी मागे बाहेर आलेली असते, तिच्यात दोरी अडकते. नाडी घट्ट बांधून टोकं आत खोचा. अनवाणी उड्या पहिले तीन-चार महिने नकोत.

५. आधी दोरीशिवाय

पहिल्या दिवशी दोरी बाजूला ठेवा. पाय जवळजवळ, गुडघे किंचित सैल, नजर समोर. आता चवड्यांवर बारीक उड्या मारा. जमीन दोन-तीन सेंटिमीटरच सुटली पाहिजे, कारण दोरी जायला तेवढी फट पुरते. टाच जमिनीला हलकेच शिवली तर चालेल, पण धप्पकन आपटता कामा नये. आवाज ऐका. पाय हळू टेकत असतील तर उडी बरोबर. धपधप ऐकू आलं तर उडी उंच जाते आहे किंवा गुडघे ताठ आहेत.

वीस सेकंद उड्या, चाळीस सेकंद आराम, असं पाच वेळा करा. इतकं सोपं वाटेल की लगेच दोरी घ्यावीशी वाटेल. तरी पहिल्या दिवशी थांबाच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतील, तेव्हा कळेल की हे पायांना नवीनच होतं.

६. मग नुसती दोरी

दोन्ही मुठी एका हातात धरा आणि दोरी शरीराच्या बाजूला फिरवा. कोपर बरगडीजवळ, हात कमरेच्या उंचीवर आणि थोडा पुढे. फिरतं ते मनगट, खांदा नव्हे. बहुतेक जण लहानपणी सगळा हात फिरवून शिकलेले असतात आणि ती सवय मोडायला वेळ लागतो. दोन्ही हातांनी आलटून पालटून करा. हात जमला की त्या तालावर पायांनी उड्याही मारा. दोरी बाजूलाच फिरते आहे, अडकायचा प्रश्न नाही. तिचा जमिनीला टेकण्याचा आवाज आणि पाय सुटण्याची वेळ जुळू लागली की पुढच्या पायरीवर जा.

७. पहिली खरी उडी

दोरी टाचांमागे लोंबू द्या. मनगटाने वर आणा, डोक्यावरून पुढे येऊ द्या, पायाशी येताच उडी मारा आणि थांबा. पुन्हा तेच. एकेक करून दहा जमल्या की दोन सलग, मग तीन, मग पाच. सलग दहा जमणं हा पहिला टप्पा. कोणाला तो एका दिवसात जमतो, मला चार दिवस लागले.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे दोरी येण्याची वाट बघताना मध्ये मारलेली जास्तीची छोटी उडी. दोरीच्या एका फेऱ्यात दोन उड्या होतात, ताल संथ होतो आणि पायांवर विनाकारण दुप्पट भार येतो. ही सवय लागली असेल तर दोरी थोडी जोरात फिरवा. वेग वाढला की मधल्या उडीला जागाच उरत नाही.

८. दोरी अडकते कुठे, ते बघा

अडकल्यावर वैतागून लगेच पुन्हा सुरू करू नका. क्षणभर थांबून बघा, कारण नेमकं समजतं.

बोटांना पुढून अडकत असेल तर बहुतेक वेळा हात बाजूला पसरलेले असतात. हात जितके लांब जातात तितकी दोरी आखूड होते आणि पायाखालून जायला पुरत नाही. दमल्यावर हे हमखास होतं. काखेत रुमाल धरून उड्या मारा. रुमाल पडला म्हणजे हात पसरला.

डोक्याला किंवा पाठीला लागत असेल तर दोरी आखूड आहे. पायांच्या बऱ्याच पुढे जमिनीवर आपटून उसळत असेल तर ती लांब आहे. एकाच पायाला वारंवार अडकत असेल तर दोन्ही हात सारख्या उंचीवर आहेत का, हे आरशात बघा. आणि नजर पायांकडे जात असेल तर खांदे पुढे वाकतात, उडी तिरकी जाते. समोरच्या भिंतीवर एक खूण करा आणि तिच्याकडे बघत राहा.

९. सहा आठवड्यांचं वेळापत्रक

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं तयारी: जागच्या जागी चालणं, घोटे गोल फिरवणं, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं १५ वेळा.

- पहिला आठवडा: २० सेकंद उड्या, ४० सेकंद आराम, ६ वेळा
- दुसरा: तेच, ८ वेळा
- तिसरा: ३० सेकंद उड्या, ३० आराम, ८ वेळा
- चौथा: तेच, १० वेळा
- पाचवा: ४० सेकंद उड्या, ३० आराम, १० वेळा
- सहावा: ६० सेकंद उड्या, ४० आराम, ८ वेळा

दोरी अडकली तर तो वेळ त्याच २० किंवा ३० सेकंदांत धरा, नंतर भरून काढू नका. पहिल्या आठवड्यात एका दिवसाच्या उड्या जेमतेम दोन मिनिटांच्या होतात, सहाव्यात आठ मिनिटांच्या. कमी वाटतं, मला ठाऊक आहे. पण उड्यांचा आकडा बघा: मिनिटाला शंभर धरल्या तरी दोनशेवरून आठशेवर जाणं आहे हे, आणि प्रत्येक उडीला सगळं शरीर चवड्यावर उतरतं.

एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. मी चौथा आठवडा तीनदा केला.

संपल्यावर भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. मागचा गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद, मग तोच गुडघा वाकवून ३० सेकंद. दुसरा प्रकार लोक सोडून देतात, पण पोटरीचा खोलवरचा स्नायू त्यानेच ताणला जातो.

वजनासाठी सुरू करत असाल तर एक हिशेब. व्यायामातल्या ऊर्जाखर्चाच्या २०११ च्या प्रसिद्ध कोष्टकात मिनिटाला १०० ते १२० उड्यांना ११.८ मेट दिले आहेत. मेट म्हणजे शांत बसलेलं असताना लागते त्याच्या किती पट ऊर्जा लागते, ते सांगणारं माप. मेट गुणिले वजन गुणिले तास, असा हिशेब केला तर ६० किलोच्या माणसाचे १० मिनिटांत साधारण १२० किलोकॅलरी खर्च होतात. ही सलग दहा मिनिटं आहेत, आणि नवख्याला तिथे पोचायला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार व्यायाम सांगितला आहे. दोरीच्या उड्या जोमदार प्रकारात मोडतात, पण ती ७५ मिनिटं लगेच दोरीवरच गाठायला जाऊ नका. मधल्या दिवशी भरभर चाला.

१०. दुखलं तर काय समजायचं

पोटऱ्या दोन्हीकडे सारख्याच भरून येणं, एक-दोन दिवस राहून कमी होणं, हे नेहमीचं. तेवढ्याने घाबरू नका.

नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेला ठणका असेल तर तो भार जास्त झाल्याचा इशारा. उड्या बंद करा. चालताना, जिना चढता-उतरताना अजिबात दुखेनासं झालं की वेळापत्रकात दोन आठवडे मागे जाऊन तिथून सुरू करा.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेखाली कळ येत असेल किंवा टाचेमागे आखडल्यासारखं वाटत असेल, तर तेही गंभीरपणे घ्या. थोडं चालल्यावर दुखणं मोकळं होतं, त्यामुळे लोक उड्या चालूच ठेवतात आणि ते महिनोन्‌महिने चिकटतं.

आणि एक दुखणं असं आहे की वाट बघायची नाही. नडगीवर किंवा पावलात बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी तीव्र दुखत असेल, विश्रांतीतही किंवा रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा. उड्या मारताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धडधड थांबेना, तर तत्काळ थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या.

वही यासाठीच ठेवायला सांगितली. उड्यांच्या आकड्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसे होते, हे एका ओळीत लिहा. माझ्या पहिल्या खेपेच्या दहा दिवसांची अशी नोंद असती तर चौथ्या दिवशीच मी थांबले असते.

११. सहा आठवड्यांनंतर

दोन्ही पायांच्या उडीवर एक मिनिट आरामात जमू लागलं की बॉक्सरची पावलं शिका. प्रत्येक उडीला वजन एका पायावरून दुसऱ्यावर सरकवायचं, दुसरा पाय नुसता टेकलेला. पोटऱ्यांना आळीपाळीने विसावा मिळतो, म्हणूनच बॉक्सर तीन मिनिटं उड्या आणि एक मिनिट आराम अशा फेऱ्या करू शकतात. त्यानंतर जागेवर धावल्यासारखी पावलं, मग हात पुढे ओलांडून मारायच्या उड्या. एका उडीत दोनदा दोरी काढायला उंच उडावं लागतं, धक्का वाढतो. त्याला निदान सहा महिने द्या, आणि तारेची दोरी तेव्हाच घ्या.

१२. दोरीची निगा

दोरी टांगून ठेवा, मुठींभोवती घट्ट गुंडाळू नका. उन्हात ठेवलेलं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. मण्यांच्या दोरीचा मधला भाग, जिथे ती जमिनीला घासते, महिन्यातून एकदा तपासा. मणी फुटला असेल तर टोकाकडचा मणी काढून तिथे घाला. तारेच्या दोरीचं आवरण कुठेही सोललेलं दिसलं तर ती दोरी त्याच दिवशी टाकून द्या, उघडी तार पायाला कापते. मुठीजवळचा स्क्रू दर आठवड्याला एकदा घट्ट करून बघा. सैल झालेली दोरी मुठीतून सुटून समोरच्याच्या तोंडावर जाऊ शकते.